सोंग कोणी घ्यावे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने सादर केलेली एकांकिका वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तीत एका तृतीयपंथी व्यक्तीची छोटी भूमिका माझ्याकडे होती. चार-पाच मिनिटांचेच काम; पण मी साडी नेसून, तळहात आडवे करून टाळ्या वाजवीत प्रवेश केला आणि सभागृह हशाने दणाणून गेले. अभिनयाचे उत्तेजनार्थ पारितोषिकही मला मिळाले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी आई त्या दिवशी प्रथमच येथे आली होती. परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "कुनाचं सोंग केलंतंस रं? आपल्या दारात येत्यात त्या आक्काचं?" मी होय म्हटले. ती म्हणाली, "आक्कानं कवा असल्या टाळ्या वाजिवल्यात?"

आमच्या गावात यल्लम्माचा जग डोक्यावर घेऊन मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागणारे एक वयस्क जोगते आहेत. ते लुगडे नेसतात आणि सारा गाव त्यांना 'आक्का' म्हणतो. सारेच जोगते तृतीयपंथी असतात असे नाही. कित्येकांना लहानपणीच नवसापायी देवीला सोडलेले असते. पण आक्का स्वतःला बाईच समजतात. मी त्यांना लहानपणापासून पाहात आलो आहे. त्यांनी कधी तशी टाळी वाजवल्याचे मला आठवत नाही. म्हणजे माणूस दारात येत असताना मी सोंग मात्र हिंदी चित्रपटातून उचलले होते. आईच्या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर देता आले नाही. वर्षभरात जे वाचले व पाहिले त्याच्या आधारे ते येथे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रश्नाचे स्वरूप

समलिंगी, तृतीयपंथी, अपंग किंवा अन्य अल्पसंख्य समाजातील पात्रांच्या भूमिका त्या समाजाबाहेरच्या नटांनी कराव्यात की नाही, हा वाद आज जगभर चालू आहे. 'फिलाडेल्फिया' (1993) या चित्रपटात टॉम हँक्स यांनी एड्सग्रस्त समलिंगी वकिलाची भूमिका केली आणि त्यांना ऑस्कर मिळाले. त्याच हँक्स यांनी 2022 मध्ये सांगितले की, आज भिन्नलिंगी नटाला ही भूमिका करता येणार नाही आणि ते योग्यच आहे. एडी रेडमेन यांनी 'द डॅनिश गर्ल' (2015) मध्ये पारलिंगी स्त्रीची भूमिका केली. पुढे 2021 मध्ये ती भूमिका स्वीकारणे ही चूक होती असे त्यांनी कबूल केले. आपल्याकडे 2023 साली रवी जाधव दिग्दर्शित 'ताली' या मालिकेत श्रीगौरी सावंत यांची भूमिका सुश्मिता सेन यांनी केली, तेव्हाही पारलिंगी कलावंत का घेतली नाही, असा प्रश्न विचारला गेला.

पूर्वपक्ष

या वादातील पहिली बाजू अशी : नट म्हणजे जो आपण नाही तो होणारा माणूस. राजाची भूमिका करण्यासाठी राजा असावे लागत नाही. परकायाप्रवेश हाच अभिनयाचा धर्म आहे. 'ज्याचे त्यानेच करावे' असा नियम केला तर नाट्यकलेला कुलूपच लागेल.

ही बाजू मला खोटी वाटत नाही. तिची दोन उत्तम उदाहरणे मराठी माणसाच्या जवळची आहेत. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्राची भूमिका त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी केली. त्या काळी हे काम स्वीकारण्यासच केवढे धैर्य लागले असेल!

दुसरे उदाहरण डॉ. रामचंद्र सिरस यांचे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकविणारे हे प्राध्यापक. फेब्रुवारी 2010 मध्ये काही जणांनी त्यांच्या घरात घुसून त्यांचे चित्रीकरण केले आणि समलिंगी संबंधांच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. आणि 7 एप्रिलला सिरस आपल्या घरी मृतावस्थेत सापडले. हंसल मेहता यांच्या 'अलिगढ' (2016) या चित्रपटात मनोज वाजपेयी यांनी ही भूमिका केली आहे. एका प्रसंगात सिरस रात्री एकटेच बसून लताबाईंची जुनी गाणी ऐकतात. तेथे मुरके नाहीत, लचकणे नाही. एक थकलेला, सुसंस्कृत, एकाकी प्राध्यापक आहे. मी केलेले सोंग आणि हे काम यांत जे अंतर आहे, ते पाहून मला लाज वाटली. तेव्हा बाहेरच्या नटाला दुसऱ्याचे दुःख कळतच नाही, असे मुळीच म्हणता येणार नाही.

रंगभूमीचा इतिहास काय सांगतो?

मग प्रश्न मिटला काय? येथे आपल्याच रंगभूमीचा इतिहास आठवावा लागतो. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. तेथपासून अनेक दशके मुख्य प्रवाहातील नाटक मंडळ्यांत स्त्रियांची कामे पुरुषच करीत होते. चित्रपटाचा आरंभही तसाच झाला. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (1913) मधील तारामती अण्णा साळुंके यांनी उभी केली. बालगंधर्वांनी तर भामिनी आणि सिंधू अशा उभ्या केल्या की, त्यांची वेशभूषा पाहून घरंदाज स्त्रिया तशी लुगडी नेसू लागल्या. बालगंधर्वांच्या कलेबद्दल शंका घेण्याची माझी पात्रता नाही.

पण या थोरवीच्या सावलीत एक गोष्ट झाकली गेली. स्त्रियांच्या काही वेगळ्या मंडळ्या होत्या, हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकाही रंगमंचावर आल्या होत्या. तरी कुलीन घरच्या स्त्रीने पुरुषांबरोबर नाटकात काम करणे समाजाला मान्य नव्हते. 1933 साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी भूमिका केल्या, तेव्हा ते दार खऱ्या अर्थाने उघडले. 1843 ते 1933, म्हणजे नव्वद वर्षे! पुढे खुद्द गंधर्व मंडळीतही गोहरबाई कर्नाटकी स्त्रीभूमिका करू लागल्या.

या नव्वद वर्षांत 'पुरुषाला स्त्रीची भूमिका करता येते का?' हा प्रश्न कधीच अडचणीचा नव्हता. ती उत्तम करता येते हे सिद्धच झाले होते. विचारायचा राहिलेला प्रश्न वेगळा होता : 'स्त्रीला ती का करू दिली जात नाही?' आजच्या वादातही आपण पहिल्याच प्रश्नावर भांडतो आणि दुसरा विसरतो, असे मला वाटते.

उत्तरपक्ष

'कोणीही कोणाचीही भूमिका करावी' हा नियम मला मान्य आहे. पण तो दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे. सुश्मिता सेन यांनी पारलिंगी स्त्रीची भूमिका करावी. मग पारलिंगी नटीला डॉक्टरची, शिक्षिकेची, कोणाच्या आईची भूमिका मिळते काय? ती तर मिळत नाहीच, आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यावरची भूमिकाही दुसरीला जाते. म्हणजे एकाला साऱ्या वाटा मोकळ्या आणि दुसऱ्याला एकही नाही. याला कलेचे स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे.

हे मला पुस्तकातून कळण्यापूर्वी अनुभवातून कळले होते. प्रथम वर्षाला असताना मी एका नाटकात वकिलाच्या भूमिकेसाठी वाचन केले. वाचन बरे झाले. पण "तुझा 'ण' शुद्ध नाही, वकील असा बोलत नाही" असे सांगून मला प्रॉम्प्टिंगला बसविण्यात आले. त्याच नाटकात शेतमजुराची भूमिका शहरातील एका मित्राने केली. तो मित्र चांगला नट आहे. त्याने धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन 'आरं, कारं' म्हणत हशा मिळवला. माझे वडील शेतमजूर आहेत. मी पुठ्ठ्यामागे बसून त्याला वाक्ये पुरवीत होतो. त्याने शेतमजूर करू नये असे मला तेव्हाही वाटले नाही. मला वकील का करू दिला नाही, एवढेच वाटले.

आणि मग पुढच्याच वर्षी मी काय केले? दुसऱ्या कोणाचे तरी तेच केले.

संधी मिळाली की काय घडते, याचीही उदाहरणे आहेत. नागराज मंजुळे यांनी 'सैराट' (2016) मध्ये अकलूजच्या रिंकू राजगुरू या शाळकरी मुलीला घेतले. तिची बोली अशुद्ध म्हणून कोणी नाके मुरडली नाहीत. उलट महाराष्ट्र ती बोली बोलू लागला. तमिळ भाषेतील 'पेरंबू' मध्ये पारलिंगी स्त्रीची भूमिका अंजली अमीर या पारलिंगी अभिनेत्रीने मम्मुट्टी यांच्यासमोर केली. चिली देशातील 'अ फँटॅस्टिक वूमन' (2017) मध्ये डॅनिएला वेगा या पारलिंगी अभिनेत्रीने प्रमुख भूमिका केली आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. 'कोडा' (2021) मधील कर्णबधिर बापाची भूमिका करणारे ट्रॉय कॉट्सर स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांनाही ऑस्कर मिळाले. बोलावले नसते तर ही माणसे 'योग्य नट मिळत नाहीत' या वाक्याखाली गाडली गेली असती.

एक सावधगिरी

येथे मात्र सर्वांना एकच माप लावून चालणार नाही. रंग, अपंगत्व किंवा बोली पुष्कळदा उघड दिसते, ऐकू येते. समलिंगी असणे कपाळावर लिहिलेले नसते. 'समलिंगी भूमिका समलिंगी नटानेच करावी' असा नियम केला तर प्रत्येक नटाला 'तू कोण?' असे विचारावे लागेल. 'हार्टस्टॉपर' या मालिकेतील किट कॉनर या तरुण नटावर लोकांनी एवढा दबाव आणला की, 2022 साली वयाच्या अठराव्या वर्षी त्याला स्वतःची लैंगिकता जाहीर करावी लागली. तो माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान होता. ज्या गोष्टीचे चित्रीकरण झाल्यामुळे सिरस यांचे जीवन उद्ध्वस्त झाले, तीच गोष्ट न्यायाच्या नावाने दुसऱ्याकडून वदवून घेणे हा कसला न्याय?

शिवाय आपल्या देशात प्रौढांमधील खाजगी समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा अंतिम निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी दिला. 1981 साली 'मित्राची गोष्ट'साठी एखाद्या अभिनेत्रीने 'मी तशी आहे' असे पुढे येऊन सांगावे, ही अपेक्षाच क्रूर ठरली असती. म्हणून चौकशी नटाची करू नये. चौकशी करायचीच तर निवड करणाऱ्यांची करावी : तुम्ही कोणाकोणाला बोलावले? लिहिताना कोणाला विचारले? तालमीत कोण होते? आणि सोंग माणसाचे आहे की आधी पाहिलेल्या सोंगाचे?

समारोप

दिवाळीच्या सुट्टीत मी आक्कांकडे गेलो आणि काय केले ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. मला चालून दाखवायला सांगितले. मी लचकत चार पावले चाललो. त्या म्हणाल्या, "डोस्क्यावर जग घिऊन चार गावं हिंडायचं, तर मान हालून चालंल व्हय, लेकरा?" मग त्यांनी स्वतः उठून चालून दाखवले. मान ताठ, नजर समोर, पावले सावकाश. त्या चालीला कोणीही हसले नसते. नाटकात कधी काम केले का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमास्नी कोन बोलिवतंय?"

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. सोंग कोणीही घ्यावे. पण ज्याचे घ्यायचे त्याला आधी बोलवावे, आणि त्याला आपले सोंग घेण्याचीही मुभा असावी.

यंदाच्या संमेलनासाठी माझी गेल्या वर्षीची भूमिका वाढवून नवी एकांकिका बसविण्याचे घाटत आहे. मी मित्रांपुढे दोन अटी ठेवल्या आहेत. पहिली, तालमीला आक्कांना बोलवावे, त्यांचे येण्याजाण्याचे भाडे व मानधन द्यावे आणि त्यांची इच्छा असेल तर ती भूमिका त्यांनीच करावी. दुसरी, एकांकिकेतील प्राध्यापकाच्या भूमिकेसाठी माझेही वाचन घ्यावे. पहिली अट मान्य झाली आहे. दुसरीचा विचार चालू आहे.