रीडिंग आलं तसं लिही

चि. मुक्ता,


तुझ्या जर्नलचं पान फोनवर पाहिलं. अक्षर छानच आहे. पण सगळ्या रीडिंगना दाब आणि आकारमानाचा गुणाकार दशांशापर्यंत सारखा? लॅबमधली सिरिंज एवढी सोवळी नसते गं! उत्तर आधी ठरवून रीडिंग भरायची ही युक्ती आमच्या वेळीही होती, आणि सहीही बिनबोभाट मिळायची.

बॉइलचा १६६२ सालचा तक्ता एकदा बघ. वाकवलेली काचेची नळी, आखूड टोक बंद, लांब टोकातून पारा ओतायचा. आधीची एक नळी फुटली. नंतरची इतकी लांब की खोलीत वापरता येईना, म्हणून उजेडाच्या जिन्यात दोऱ्यांनी टांगली, आणि पारा वाया जाऊ नये म्हणून खाली लाकडी पेटी. कोंडलेली हवा ४८ भागांवरून २४ वर आली तेव्हा दाब भरला ५८ १३/१६ इंच पारा. दाब आणि आकारमानाचा गुणाकार कायम, या नियमाने हवा होता ५८ २/८. बारा भागांवर तर फरक इंचाच्या वर गेला. बॉइलने मोजलेला आकडा आणि अपेक्षित आकडा शेजारी शेजारी छापले! नियमाची कल्पना रिचर्ड टाउनलीची, हेही मोकळेपणाने लिहिलं.

आता तुझी सिरिंज. दाब वाढेल तसा गुणाकार बहुधा थोडा थोडा घटत जाईल. घाबरू नकोस, आणि खाडाखोडही नको. दट्ट्या दाबत रीडिंग घेतलीस, तशीच सोडतानाही घे. दाबल्यावर हवा किंचित तापते, म्हणून दर वेळी जरा थांबून दाबमापकाचा काटा बघ. परतीची रीडिंग पहिल्यांशी जुळली, तर संशय सिरिंज आणि दाबमापक यांच्यामधल्या जोडनळीवर: तिच्यातली हवा तू आकारमानात धरलीच नाहीस. नळीत पाणी भर, ते मोज आणि तेवढं प्रत्येक आकारमानात मिळव. परतीचे आकडे कमी भरले, तर हवा कुठूनतरी निसटते आहे. मग जोडाला थोडं व्हॅसलीन लाव आणि पहिल्यापासून सुरू कर.

फार मोठ्या दाबाला वायू स्वतःच हा नियम पाळत नाहीत. व्हॅन डर वाल्सचा १८७३ चा प्रबंध त्याच तफावतीवर उभा आहे, पण ते पुढच्या वर्षी.

ते पान फाडू नकोस, नुसती तिरकी रेघ मार आणि पुढच्या पानावर नव्याने लिही. सरांनी विचारलं तर कारण सरळ सांग. नवे आकडे मला पाठव. ताईला म्हणावं, गणपतीला येतोय.

तुझा,
मामा