सगळेच फोटो पहाटे साडेपाचचे?

प्रश्न : जुन्या मोबाईलमधले लग्नाचे फोटो नव्या मोबाईलमध्ये घेतले. त्यातल्या काहींवर ‘1 जानेवारी 1970, 5:30’ अशी वेळ येते. तारीख चुकली हे समजू शकतं, पण सगळ्या फोटोंची चूक एकाच मिनिटाला कशी?
— एक वाचक, दिघोरी (जि. भंडारा)

उत्तर : तुम्हाला दिसतंय ते शून्य आहे, तारखेचा वेश घेतलेलं. युनिक्स, त्याच्या वळणावरचं लिनक्स आणि त्यावर उभं असलेलं अँड्रॉइड यांच्या लेखी वेळ म्हणजे एक आकडा : 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून सरलेले सेकंद. ही मध्यरात्र ग्रिनिचची. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा दिघोरीत पहाटेचे साडेपाच झालेले असतात. फोटो इकडून तिकडे नेताना त्याची वेळ गळाली, रिकाम्या जागी शून्य बसलं आणि मोबाईलने ते शून्य इमानेइतबारे भारतीय वेळेत वाचून दाखवलं.

शून्य कुठे मांडायचं, यावर मात्र एकमत नाही. विंडोज 1 जानेवारी 1601 पासून मोजते, तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. जुने मॅक 1904 पासून मोजत. ॲपलच्या आताच्या कित्येक ॲपमध्ये 2001 पासून मोजतात. आपल्याला याचं नवल नको. शकाचा आकडा उत्तरेकडच्या विक्रम संवतात नेताना आपण 135 मिळवतोच. शेजारच्या मध्य प्रदेशात ‘सावन’ लागतो, तेव्हा आपल्याकडे आषाढाचा पंधरवडा उरलेला असतो. चंद्र तोच, महिना पौर्णिमेला संपवायचा की अमावस्येला, एवढाच फरक.

म्हणून विंडोज, अँड्रॉइड, आयफोन अशा सगळीकडे चालणारं ॲप लिहिणाऱ्याला वेळेचा आकडा हाती आला की आधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात : शून्य कुठलं आणि माप कुठलं? ‘शंभर धान’ म्हटल्यावर पायली की क्विंटल, हे आपण विचारतोच ना! युनिक्स आणि विंडोजच्या शून्यांत 11,64,44,73,600 सेकंदांचं अंतर आहे. मापाचाही घोळ होतो. जावास्क्रिप्ट मिलिसेकंदांत मोजते. तिला सेकंदांचा आकडा दिला की हल्लीची नोंद 20-21 जानेवारी 1970 ची होऊन बसते. ती तारीख पाहताच मुरलेला प्रोग्रामर ओळखतो : हजाराने गुणायचं राहिलं.

घडून गेलेल्या गोष्टीची वेळ ग्रिनिचच्या हिशेबाने साठवावी आणि दाखवताना गावच्या वेळेत आणावी, हा रुळलेला नियम. पण तो डोळे मिटून जन्मतारखेला लावला की फजिती होते. आपल्याकडे 15 ऑगस्ट लागतो त्या क्षणी ग्रिनिचच्या हिशेबाने 14 ऑगस्टच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्यातली नुसती तारीख उचलली की मुलगी कागदोपत्री एक दिवस आधीच जन्मते. जन्मतारीख सेकंदांत मोजायची नसते. ती तारीख म्हणूनच लिहावी.

आता तुमचे फोटो. कॅमेरा फोटो काढतानाच फाइलच्या आतही एक तारीख लिहून ठेवतो. फोटो विंडोजच्या कॉम्प्युटरवर घेऊन उजवी क्लिक करा आणि ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’मध्ये ‘डेट टेकन’ पाहा. लग्नाची तारीख तिथे सापडण्याची शक्यता आहे. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल, तर मात्र ती सहसा वाटेतच गळालेली असते. मग पत्रिका शोधावी.