उकळतं पाणी ग्रीन टीवर ओतू नका

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या वहिनींना डॉक्टरांनी साखरेचा चहा बंद करायला सांगितला, तेव्हा त्यांच्या घरात ग्रीन टी आला. हाताला सवय नेहमीच्या चहाची, त्यामुळे पातेल्यात पाणी, त्यातच पत्ती आणि वर खळखळून उकळी. तो कडूजहर काढा घशाखाली उतरेना म्हणून एक चमचा मध आला, मग दोन. साखर टाळण्यासाठी आणलेल्या चहातून साखरच पोटात जायला लागली, आणि सकाळी उपाशीपोटी घेतल्यावर होणारी जळजळ वेगळीच. अंधेरी-घाटकोपरच्या ओळखीच्या घरांतही मी हेच पाहते. सगळे पत्तीला नावं ठेवतात, ब्रँड बदलतात. बदलायला हवं ते पाण्याचं तापमान.

ग्रीन टीची पानं तोडल्यावर जपानात त्यांना वाफ देतात, चीनमध्ये कढईत परततात. त्यामुळे ती काळी पडत नाहीत आणि त्यांतली कॅटेचिन नावाची तुरट-कडू द्रव्यं बरीचशी शाबूत राहतात. उकळत्या पाण्यात ती भराभर उतरतात. चहाला गोडसर चव देणारं थिअनिन मात्र कमी गरम पाण्यातही छान उतरतं. म्हणून पाणी ७५ ते ८० अंशांचं हवं, आणि दोन मिनिटांनी पत्ती बाहेर.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, ते एका कपात ओता, त्यातून दुसऱ्या कपात. गार कपात ओतताना दरवेळी साधारण दहा अंश उतरतात. आता लहान चमचाभर पत्ती घाला. वहिनींचा मध याच पद्धतीने सुटला.

टॉवरमध्ये राहणारे विचारतात, आमच्या उंचीवर पाणी लवकर उकळतं का? समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. शंभर मीटर उंचीच्या मजल्यावर फरक पडतो एक तृतीयांश अंशाचा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या सर्वांत उंच टेकडीवरसुद्धा तो जेमतेम दीड अंश भरेल. उपनगरात कुठेही राहा, उकळतं पाणी ग्रीन टीला जास्तच गरम.

महाबळेश्वरला ते पंच्याण्णव-शहाण्णव अंशांना उकळतं, तिथेही निववावंच लागतं. खरा फरक लेहला. साडेतीन हजार मीटरवर उकळीच येते अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. तिथे एकदाच कपात ओतलं की काम झालं. पण आपल्या सहलीतली मंडळी नेमकं उलटं करतात. चहा कोमट वाटतो म्हणून पत्तीसकट पातेलं गॅसवर ठेवून देतात. उघड्या पातेल्यात कितीही वेळ उकळलं तरी पाणी अठ्ठ्याऐंशीच्या वर जात नाही, पत्तीचा कडवटपणा तेवढा वाढत राहतो. दुधाचा चहा तिथे जास्त वेळ उकळावा लागतो, हे खरं. तो नियम ग्रीन टीला लावू नका.

हल्ली तापमान ठरवता येणाऱ्या विजेच्या किटल्या घरोघरी आल्यात. ऐंशीवर बटण ठेवलं की किटली तिथेच थांबते, म्हणजे पाण्याला उकळी येतच नाही. फिल्टरचं पाणी असेल तर हरकत नाही. पण पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं किंवा सोसायटीत टँकर आला, तर आधी खळखळून उकळा आणि मग निववा. पाणी पुरेसं तापलं याची डोळ्यांना दिसणारी खूण एकच, उकळी. दोन हजार मीटरच्या वर तर पिण्याचं पाणी तीन मिनिटं उकळत ठेवावं, कारण तिथली उकळी कमी गरम असते.

आणि ज्यांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी गोळी आणि ग्रीन टी यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं. चहातली तीच तुरट द्रव्यं लोह अंगी लागू देत नाहीत.