दुहेरीतील साथीदार

टेनिसचे एकेरीचे मैदान २७ फूट रुंद असते. दुहेरीत दोन्ही कडांच्या साडेचार फुटी पट्ट्या धरून ते ३६ फूट होते. परंतु दुहेरीचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. क्रमवारीतील गुण प्रत्येक खेळाडूच्या नावावर स्वतंत्रपणे जमा होतात. ते मिळवावे लागतात मात्र जोडीने. म्हणूनच साथीदार कोण लाभतो, यावर कारकीर्दीचे बरेचसे भवितव्य अवलंबून असते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९९४ साली जन्मलेल्या प्रार्थना ठोंबरे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सानिया मिर्झा यांच्या साथीने त्यांनी ब्राँझपदक मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही हीच जोडी उतरली. सानिया त्या वेळी दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी होत्या. प्रार्थना पुष्कळच खाली. पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई यांच्याकडून त्यांना तीन सेटमध्ये हार पत्करावी लागली.

दुहेरीत सर्व्हिस चौघींमध्ये आळीपाळीने फिरते आणि ती परतविण्याची बाजूही दोघींना वाटून घ्यावी लागते. त्यामुळे साथीदार कितीही श्रेष्ठ असला, तरी त्याच्या आड राहता येत नाही. आपल्या वाट्याचा चेंडू आपणच परतवावा लागतो.