भूक परत येण्याआधी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, लोकांच्या बोलण्यातलं ‘पोट छोटं करायचं ऑपरेशन’, आता नवलाईची राहिलेली नाही. 2011 साली नितीन गडकरींनी मुंबईत ती करून घेतली तेव्हा गावागावांत तिची चर्चा झाली होती. ऑपरेशन थोड्या दिवसांत उरकतं आणि माणूस परभणी जिल्ह्यातल्या पेडगावला घरी येतो. हातातल्या कागदावर ‘सूप’, ‘प्युरी’, ‘जिम’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. इथल्या स्वयंपाकघरात आणि इथल्या रस्त्यावर त्याचं काय करायचं, त्याची ही कृती. तुमच्या सर्जननं वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. स्लीव्ह या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. त्यानंतर पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं आतड्यातून जास्त सुटतात. म्हणून पहिले काही महिने बऱ्याच जणांना भूकच लागत नाही. ही सवलत कायमची नसते. वर्ष-दीड वर्षात भूक पुन्हा डोकं वर काढते आणि तोवर जे अंगवळणी पडलं असेल तेच कामाला येतं. भूक नसते ते महिनेच खरे मेहनतीचे.

प्रवासापासून सुरुवात करू. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीला उतरायचं तर अख्खी रात्र गाडीत जाते. ऑपरेशननंतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. त्यामुळे खालचाच बर्थ घ्या, जाग येईल तेव्हा घोटे वरखाली हलवा आणि तासा-दीड तासानं उठून डब्यातून एक फेरी मारा. सामान दुसऱ्यानं उचलायचं.

पहिले दोन आठवडे: पातळ

मूगडाळीचं पाणी असं करा. मूठभर डाळ धुऊन चौपट-पाचपट पाण्यात हळद आणि चिमूटभर मीठ घालून कुकरमध्ये अगदी गाळ शिजवा. रवीनं घोटा, मग बारीक चाळणीतून गाळा. फोडणी नाही, तिखट नाही. वाटीत काढून कोमट झालं की चहाच्या चमच्यानं एकेक घोट घ्या, दोन घोटांत मिनिटभर थांबा. साय काढलेलं दूध, गाळलेलं पातळ ताक आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रथिनांची पावडर याच रीतीनं घ्यायची. पाणी धरून दिवसाचं एकूण पातळ दीड ते दोन लिटर झालं पाहिजे. तांब्या तोंडाला लावून ते होणार नाही, दिवसभर घोट-घोटच चालू ठेवावं लागतं. उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक बंद.

तिसऱ्या आठवड्यापासून दीड-दोन महिन्यांपर्यंत

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं घट्ट वरण, दही, गुठळी नसलेलं मऊ पिठलं, कुस्करलेलं पनीर. पाचव्या-सहाव्यात उकडलेलं अंडं, मुगाचं मऊ धिरडं, शिजवलेला दुधी. भाकरीची घाई नको. तव्यावरची कडक भाकरी आणि चिकट भात या दोन गोष्टी छातीत अडकतात. दोन महिन्यांनी भाकरीचा पापुद्रा वरणात भिजवून सुरुवात करा. ठेचा त्याहून उशिरा.

जेवणाची रीत आता जन्मभराची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. ताट बाजूला ठेवा, छोटी वाटी घ्या. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. घास शेंगदाण्याएवढा घ्यायचा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, आणि तो गिळेपर्यंत चमचा खाली ठेवायचा. एक जेवण वीस ते तीस मिनिटं चाललं पाहिजे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. पाण्यानं अन्न लवकर पुढे सरकतं आणि पोट रिकामं होतं. पोट भरल्याची खूणही बदललेली असते: उचकी येते, नाक वाहू लागतं, छातीच्या मध्यभागी दाब वाटतो. तिथेच थांबा. पुढचा एक घास उलटीचा असतो.

भूक लागत नसली तरी घड्याळ बघून खायचं. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. नेहमीचं अन्न सुरू झाल्यावरचा हिशेब असा: दोन अंड्यांतून 12 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमधून सुमारे 18, 30 ग्रॅम कोरड्या सोयावडीतून सुमारे 15, दोन लहान वाट्या घट्ट वरणातून दहाएक, पाव लिटर दुधातून 8. झाले साठ पार. एवढं एका दिवसात मावत नसेल तर पावडर चालू ठेवायची. आपल्याकडे सोयाबीन शिवारभर पिकतं आणि थेट मोंढ्यावर जातं, घरात शिजत नाही याचं मला वाईट वाटतं. सोयावडी किराणा दुकानात मिळते. भिजवून, पिळून, बारीक करून पिठल्यात घाला. ज्वारी खायचीच तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण आहे. मात्र कोणत्याही भाकरीनं गोळ्यांची गरज भागत नाही.

भूक परत आली की

भूक लागल्यासारखं वाटलं की आधी चार घोट पाणी घ्या आणि पंधरा मिनिटं थांबा. पुष्कळदा ती तहान असते. तरी राहिली तर स्वतःला विचारा: आत्ता वाटीभर वरण किंवा उकडलेलं अंडं चालेल का? चालत असेल तर भूक खरी आहे, खा. शेव-चिवडाच हवा असेल तर ती मनाची ओढ आहे. उठून अंगणात चक्कर मारा, कुणाशी तरी बोला. वजन पुन्हा वाढतं ते बहुधा ताटातल्या जेवणानं नाही, येता-जाता तोंडात टाकलेल्या शेव, बिस्किटं आणि गोड चहानं. हे पदार्थ विरघळून खाली उतरतात, छोट्या पोटाला त्यांची अडचणच होत नाही.

पोळ्याची पुरणपोळी, परभणीच्या फेब्रुवारीतल्या उरसातली मिठाई यांचा त्रास वेगळा. विशेषतः बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर घाम फुटतो, धडधडतं, पोटात कळ येऊन जुलाब होतात. त्याला डम्पिंग म्हणतात. पहिल्या वर्षी एकादशीचे उपासही धरू नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

पंगतीतला आग्रह हा सगळ्यात अवघड भाग. ‘घे की रे, अर्धीच तर हाय’ म्हणणारी काकू प्रेमानंच म्हणत असते. तिच्याशी वाद घालू नये. ‘काकू, डॉक्टरांनी मोजून दिलंय. डब्यात द्या, संध्याकाळी खातो,’ एवढं म्हणावं. डबा घेतला की तिचाही मान राहतो. घरच्यांनी मात्र पाठीशी उभं राहायला हवं. एकट्यानं रोज नकार देत राहणं फार थकवतं.

व्यायाम

चालणं दवाखान्यातूनच सुरू होतं. घरी आल्यावर पाच-दहा मिनिटांच्या पाच-सहा फेऱ्या, दर आठवड्याला थोड्या वाढवत दीड महिन्यात सलग अर्धा तास. तोवर पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही: पाण्यानं भरलेला हंडा नाही, चाऱ्याचा भारा नाही, खताच्या पोत्याला तर हातही नाही. बाहेरचे टाके छोटे दिसतात, पण आतली शिवण मोठी असते.

उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि एका दमात भरपूर पाणी पिण्याची सोय तुमच्याकडे आता नाही. म्हणून ऊन तापायच्या आत फिरून या आणि बाटली जवळ ठेवा. पावसाळ्यात पाणंदीचा काळा चिखल चपलेला धरतो, पाय मुरगळतो. तेव्हा शाळेचं मैदान किंवा डांबरी रस्ता बरा. रस्त्यानं चालताना समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं चाला.

दीड-दोन महिन्यांनी, सर्जननं हो म्हटल्यावर, ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीनदा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दहा जोर, लिटरभर पाण्याची एकेक बाटली हातात घेऊन दहा वेळा वर. थोडं थांबून हेच पुन्हा एकदा. पोटाचे व्यायाम तीन महिन्यांनंतर, तेही विचारून. ‘दिवसभर राबते, मला कशाला व्यायाम’ असं घरातल्या बाया म्हणतात. राबणं खरंच आहे, पण त्यात स्नायूंवरचा भार हळूहळू वाढत नाही. सुनेला तो अर्धा तास मोकळा मिळावा, ही जबाबदारी घराची.

व्यायामानंतर तासाभरात काहीतरी प्रथिनयुक्त घ्या. फुटाण्याचं पीठ कालवलेलं ताक चांगलं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस लवकरच कमी करावा लागतो. चक्कर आली तर व्यायामाला दोष देण्याआधी साखर आणि रक्तदाब तपासा.

थांबू नका, दवाखाना गाठा

ताप, विश्रांतीतही 120 च्या वर नाडी, खांद्यात कळ, पोटरीला सूज, काळी शौच, किंवा दिवसभर न थांबणारी उलटी. उलटी लांबली तर ब-1 जीवनसत्त्व संपतं आणि मज्जातंतूंना इजा होते. डिस्चार्जचा कागद बरोबर न्या. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका. त्यानं आणि तंबाखूनं आतल्या जोडावर जखम होऊ शकते. बाईनं निदान वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळावं.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात, पण प्रथिनं आणि लोह तपासून घ्या. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर. रक्ताची तपासणी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दर वर्षी: हिमोग्लोबिन, लोह, ब-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर. रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेनं लावून ठेवा आणि दर खेपेला तीच फाईल डॉक्टरांसमोर ठेवा.