चार टायरचे अठरा हजार: कुठे वाचवावेत, कुठे नाही

टायरच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीचा देऊ?" त्याचं उत्तर देण्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर घरूनच घेऊन जावं. आपली गाडी वर्षाला किती किलोमीटर चालते? कोणता टायर स्वस्त पडेल, हे बरंचसं त्यावर ठरतं.

शहरातल्या शहरात ऑफिस, भाजी, मुलांची शाळा आणि दिवाळीत एकदा गाव एवढीच गाडी चालत असेल तर वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर होतात. साधा, चांगला टायर हवा-अलाइनमेंट सांभाळली तर चाळीस हजार किलोमीटर जातो. म्हणजे या माणसाला तो सहा वर्षं पुरला. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर ते कडक होऊ लागतं, बाजूला बारीक भेगा दिसतात. मग 'लाख किलोमीटर'वाल्या टायरसाठी त्याने जास्तीचे पैसे कशाला मोजावेत? ते लाख पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागतील. शिवाय जास्त चालणाऱ्या टायरचं रबर बहुधा कडक ठेवलेलं असतं. त्याची किंमत ओल्या रस्त्यावरच्या पकडीत आणि थोड्या आवाजात मोजावी लागते. असा टायर नाशिक-मुंबई फेऱ्या मारून वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर तुडवणाऱ्यासाठी आहे. त्याने तो जरूर घ्यावा.

आता खर्चाकडे. स्विफ्ट किंवा डिझायरच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ हे माप लागतं. देशी नावाजलेल्या कंपन्यांचा या मापाचा टायर साधारण चार ते पाच हजारांत येतो. आल्टोसारख्या छोट्या गाडीचा अडीच-तीन हजारांपासून, पंधरा इंची रिमचा पाच ते साडेसहा हजारांपर्यंत. दर गावागणिक आणि दुकानागणिक हलतात, म्हणून किमान दोन दुकानांत फोन करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आज जो टायर ४,२०० रुपयांना मिळतो, त्याला जुन्या दराने साडेचार हजारांहून जास्त पडले असते. तेव्हा कोणी जुन्या भावाचं पत्रक पुढे केलं तर ते बाजूला सारावं आणि बिल मागावं.

४,२०० रुपयांचे चार टायर म्हणजे १६,८००. त्यावर नवे व्हॉल्व्ह, बसवणावळ, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून हजार-बाराशे. झाले अठरा हजार. चाळीस हजार किलोमीटरला भागले तर किलोमीटरमागे ४५ पैसे. लिटरला वीस किलोमीटर देणाऱ्या गाडीचं पेट्रोल याच अंतराला पाच रुपयांच्या वर जातं. टायरमागे पाचशे वाचवले तर किलोमीटरमागे पाच पैसे वाचतात. हवा कमी ठेवून गाडी हाकली तर पेट्रोलवरच त्याहून जास्त जाईल, आणि टायरच्या कडा झिजतील त्या वेगळ्या.

म्हणून काटकसर कंपनी निवडताना खुशाल करावी. एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके किंवा इथेच टायर बनवणाऱ्या परदेशी कंपन्या, यांतल्या कोणाचाही तुमच्या मापाचा साधा टायर रोजच्या गाडीला पुरे आहे. बाजूवर आयएसआयची खूण मात्र हवी. काटकसर चार ठिकाणी करू नये.

पहिलं, वय. टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, तेव्हा टायर फिरवून बघायला लाजू नये. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षभरापर्यंत चालेल. 'खास सूट' म्हटलं की आधी हाच आकडा शोधावा. दोन वर्षं गोदामात पडलेल्या टायरवर पाचशेची सूट म्हणजे सूट नव्हेच.

दुसरं, माप. "१६५/८० संपलाय, १७५/६५ आर १४ बसेल की, तो रुंदही आहे," असं ऐकायला मिळतं. बसतो खरा. पण त्याचा घेर जवळजवळ सहा टक्क्यांनी लहान, म्हणजे गाडी सुमारे १८ मिलिमीटर खाली येते आणि स्पीडोमीटर असेल त्याहून जास्त वेग दाखवतो. आपल्याकडचे गतिरोधक पाहता गाडी आणखी खाली आणण्याचं काही कारण नाही. मापापुढचा आकडा आणि अक्षर, म्हणजे भार आणि वेगाची क्षमता, जुन्या टायरएवढी किंवा त्याहून वरची असावी. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

तिसरं, जुना टायर. जुन्या बाजारात हजार-बाराशेला मिळणाऱ्या टायरचं आधीचं आयुष्य कोणालाच माहीत नसतं. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने नवी नक्षी कोरून वर काळं पॉलिश मारलेलं असतं. वरून तो नवा वाटतो, पण आतल्या थरांवर रबर उरलेलं नसतं. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. उन्हात तापलेल्या त्या काँक्रीटवर असा टायर नेऊ नये.

चौथं, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. पाचशे-सातशे वाचवायला ते टाळलं, तर नवा टायर एका कडेने वर्षात खाल्ला जातो. नायट्रोजनचे पैसे मात्र वाचवावेत. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी थंड टायरमध्ये हवा तपासली की झालं.

चारही एकदम परवडत नसतील तर एका जोडीचे दोन घ्या आणि ते मागे बसवा. पुष्कळ मेकॅनिक पुढे घालतात, कारण इंजिनाची ओढ पुढे असते. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं पुढची सुटण्यापेक्षा अवघड. स्टेपनी 'कोरी' दिसते म्हणून ती चौथी घालणाऱ्यांनी तिच्यावरचेही ते चार आकडे वाचावेत.

बदलायचे कधी? खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी त्यांच्या पातळीवर आली की १.६ मिलिमीटर उरली, कायद्याची हद्द संपली. कोकणात किंवा घाटात पावसाळा काढायचा असेल तर तीन मिलिमीटरलाच, मे महिन्यात बदलून टाकावेत. बाजूला फुगा आला असेल तर मात्र नक्षी कितीही असो, त्याच दिवशी.

बिलावर माप, कंपनी आणि टायरचे क्रमांक लिहून घ्या, वॉरंटी मागताना तेच लागतात. खड्ड्याने आलेला फुगा किंवा काप वॉरंटीत बसतो का, हे पैसे देण्याआधी विचारा, बहुतेक वेळा नाही. जुने टायर तिथेच देऊन टाका. शंभर-दोनशे प्रत्येकी बिलातून वजा करायला दुकानदार तयार होतो, आणि गच्चीवर नेऊन ठेवले तर पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.