कॉलेज बघायला दुपारी जा

अगं, तुझ्या घरी सगळे फार्मसी फार्मसी करतायत, पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काही आहे. काका म्हणतात, पोरगी शिकली की स्टँडसमोर मेडिकल टाकू. काकूंना वाटतं, कंपनीत एसीतली नोकरी. तुझा दादा अमेरिकेच्या बाता मारतोय. आणि तू? तू अजून नीटच्या मार्कांवर रुसून बसलीयस. रुस खुशाल. पण फॉर्म भरण्याआधी या तिघांच्या तीन फार्मसी वेगळ्या कर, कारण त्यांचे कोर्सच वेगळे आहेत.

नुसतं दुकान हवं असेल तर डी.फार्म पुरतं. दोन वर्षं कॉलेज, मग ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. प्रवेश बारावीच्या मार्कांवर होतो. एक्झिट परीक्षेचे नियम मात्र २०२२ मध्ये निघालेत, त्याकडे लक्ष ठेव. कंपनीत जायचं तर बी.फार्म, चार वर्षं. डी.फार्म करून थेट बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पैशांची ओढाताण असलेल्या घरातल्या कितीतरी मुली तसंच करतात. राहिली दादाची अमेरिका. तिकडे फार्मासिस्ट व्हायला परदेशी पदवीधरांना आधी एक परीक्षा द्यावी लागते, आणि तिला बसायलाच किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपलं बी.फार्म चार वर्षांचं, म्हणजे गाडी तिथेच अडते. त्यासाठी फार्म.डी. हवं, सहा वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्ये. पण ती फी भरण्याआधी काकांना हेही सांग की आपल्याकडच्या हॉस्पिटलांत क्लिनिकल फार्मासिस्टच्या जागा अजून फार थोड्या आहेत. दादाच्या हौसेपायी सहा वर्षं घालू नकोस. त्याने स्वतः अजून पासपोर्टसुद्धा काढलेला नाही.

माझं मत विचारशील तर बी.फार्म कर. दुकान त्यावरही टाकता येतं.

आता कॉलेजचं. माटुंग्याची आयसीटी, कालिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, कराड, अमरावती आणि संभाजीनगरची सरकारी कॉलेजं ही नावं तुलाही माहीत आहेत. तिथे नंबर लागला तर डोळे मिटून जा. खरा प्रश्न त्याच्या खालचा आहे. गेल्या काही वर्षांत तालुक्यातालुक्यात फार्मसी कॉलेजं निघालीत आणि सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच गुळगुळीत. अभ्यासक्रमही सारखाच, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने देशभर ठरवून दिलेला. मग फरक कशात? एकाच गोष्टीत: तुझ्या हाताने किती काम होणार.

म्हणून बघायला जाशील तेव्हा ओपन डेला जाऊ नकोस. कामाच्या दिवशी दुपारी जा, तेव्हा प्रॅक्टिकलं चालू असतात. प्रिन्सिपलच्या केबिनमधला चहा नंतर. आधी लॅबपाशी थांब. काचसामान ओलं आहे की धूळ बसलेलं? रिएजंटच्या बाटलीवर चिठ्ठी आहे का, आणि तारीख कुठली? टॅब्लेट मशीनच्या खाचेत पावडर अडकलेली दिसली तर खूश हो, म्हणजे ते चालतं. एचपीएलसी यंत्रावर झाकण घातलेलं असेल तर विचार, शेवटचं कधी चालवलं. औषधी वनस्पतींची बाग नियमाने लागतेच. तिथे तुळस आणि कोरफड सोडून काही आहे का बघ. मग तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ, शक्यतो कॅन्टीनमध्ये. एका सेटवर किती जणी असतात? शिकवणारे सर-मॅडम वर्षभर टिकतात का, की काही जण फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी दिसतात? मुली खरं सांगतात. लगेच नाही, पण समोसा संपेपर्यंत सांगतात.

आणखी एक गोष्ट, ही काकांनीच विचारावी, वजन पडतं. कॉलेजला फार्मसी ॲक्टच्या कलम १२ ची मान्यता आहे का? कॉलेज नवं असेल तर कोर्स चालवायची परवानगी असते, पण कलम १२ ची मान्यता पुढे मिळते, आणि तुझी नोंदणी त्यावर अवलंबून. ‘येईल हो, प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर ऐकलं की मी तरी उठून येईन.

परीक्षेपुरतं या, हजेरीचं आम्ही बघतो म्हणणारे एजंटही भेटतील, बहुतेक परराज्यातल्या कॉलेजांचे. फोन ठेवून दे. बी.फार्मला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी नियमातच आहे, आणि ती उगाच नाही. मी औषध कंपनीत क्वालिटीत काम करते, तिथलं सांगते. गोळी किती वेळात विरघळते ते बघायला आम्ही सहा काचपात्रांत सहा गोळ्या सोडतो, आतलं तापमान ३७ अंश, अर्ध्या अंशापलीकडे हलू द्यायचं नाही. ठरलेल्या मिनिटाला नमुना काढायचा, त्याच क्षणी लिहायचं, सही करायची. आमच्याकडे म्हणतात, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. आणि जे झालं नाही ते लिहिलं, तर नोकरी गेली. आता विचार कर, जी मुलगी चार वर्षं सीनियरच्या जर्नलवरून रीडिंग उतरवत आली, तिचा हात इथे काय लिहील? मुलाखतीत ती घडाघडा बोलते. बॅलन्ससमोर उभी केली की कळतं. पहिला पगार बघून काकू नाक मुरडतील, हे आत्ताच सांगून ठेवते. पण हात बसला की पुढे क्वालिटी, रेग्युलेटरी, फार्माकोव्हिजिलन्स, एमपीएससीतून ड्रग इन्स्पेक्टर, सगळीकडे जाता येतं.

कागदपत्रांसाठी काकांच्या मागे लाग, ते ‘बघू’ म्हणतात आणि मग तहसीलच्या रांगेत तू उभी राहतेस. डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, आणि नॉन-क्रिमी लेयर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून सरकार भरतं, पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यात ‘सीट पक्की’ करून देणारे हे आपण होऊन सांगत नाहीत.

हे आता फक्त तुझ्या-माझ्यात. नोंदणी झाली की कुणीतरी येईलच: सर्टिफिकेट आमच्या दुकानात लावू दे, महिन्याला अमुक देतो, तू येऊसुद्धा नकोस. मुलींना हे जास्त विचारतात. स्थळं बघतानाही ‘सून घरात राहून कमावेल’ म्हणून याचा हिशोब मांडतात, मी ऐकलंय. नाही म्हण. काउंटरवर फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे असा कायदा आहे, अन्न व औषध प्रशासनाची धाड पडली किंवा कुणाला चुकीचं औषध गेलं की नाव तुझं निघतं, दुकानदाराचं नंतर. स्वतःच्या काउंटरवर स्वतः उभी राहणार असशील तर मात्र मेडिकल हा झकास धंदा आहे, त्यात काका अजिबात चुकत नाहीत.

प्रवेश होईपर्यंत मोकळी आहेस तर चौकातल्या मेडिकलवाल्या मामांकडे संध्याकाळी तासभर बस. औषध तू द्यायचं नाही, ते नोंदणी असलेल्याचंच काम. तू स्ट्रिपा वाच. ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं खरं नावही छापलेलं असतं, ते वहीत लिही. लाल उभी रेघ कशावर असते बघ. शेड्यूल एच-वनचं वेगळं रजिस्टर असतं, मामांना दाखवायला सांग. तू बायोलॉजीवाली, म्हणून पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथ्स येणार. घाबरू नकोस, पण लॉगॅरिदम आणि टक्केवारी आत्ताच घासून ठेव, मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम झोपेतही करता आलं पाहिजे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची बारावीची वही रद्दीत देऊ नकोस. ॲप्रन सुती घे, पूर्ण बाह्यांचा. मापाचा, ऐटीचा नको.

आणि ऑप्शन फॉर्म. पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाक जिथे तुला मनापासून जायचंय, कारण पहिला पर्याय मिळाला की तो गोठतो, मग पुढच्या फेरीला उभं राहता येत नाही. भरायला बसशील त्या रात्री मला फोन कर. काकांना विचारलंस तर ते गावापासूनचं अंतर मोजून क्रम लावतील.